बारामतीचा ऊस आणि देशाचे इंधन

पुण्याच्या कोणत्याही पेट्रोल पंपावर मोटारीच्या टाकीत जे लिटरभर इंधन पडते, त्यातील सुमारे पाचवा हिस्सा पेट्रोल नसून मद्यार्क असतो. इथेनॉल या नावाने तो आता घरोघरी परिचित झाला आहे. पेट्रोलचा चार पंचमांश भाग बहुतांशी अरबस्तान, रशिया इत्यादी दूरदेशीच्या विहिरींतून जहाजाने येतो. उरलेला पाचवा भाग मात्र भारतातल्याच शेतांत उगवतो. काही उसातून, काही मक्यातून, काही तांदुळातून. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने दोन-अडीच तास गेले म्हणजे इंदापूर तालुका लागतो. त्याच्या अलीकडे, दक्षिणेच्या अंगास, बारामती. या दोन तालुक्यांतील नीरेच्या व भीमेच्या पाण्यावर वाढलेला ऊस या मद्यार्काचा एक जुना उगम होय. आणि देशाच्या इंधनात उसाला जागा असावी, हा आग्रह दिल्लीत ज्यांनी दीर्घकाळ धरला, ते श्री. शरद पवार याच बारामतीचे.

पवार यांच्या ऊर्जाविषयक भूमिकेचा विचार करताना दोन गोष्टी प्रथम निराळ्या कराव्या लागतात, कारण सभेत आणि वृत्तपत्रांत त्या नेहमी एकत्र बोलल्या जातात. एक आहे ऊर्जेचे स्वावलंबन, म्हणजे इंधन कोठून येते हा प्रश्न. दुसरी आहे ऊर्जेची काटकसर, म्हणजे तेच काम किती कमी इंधनात होते हा प्रश्न. घरचे लाकूड जाळणारा मनुष्य स्वावलंबी खरा. पण त्याची चूल धूर ओकून निम्मी उष्णता छपराबाहेर घालवीत असेल, तर त्याला काटकसरी कोणी म्हणणार नाही. उसाच्या बाबतीत हीच चूल कळीची आहे.

आधी भूमी पाहावी. बारामती आणि इंदापूर हे मूळचे अवर्षणाचे तालुके. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर भाटघरच्या धरणावर नीरेचा डावा कालवा काढण्यात आला व १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी वाहू लागले. दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी, हा सरकारचा मूळ हेतू. पण पाटाचे पाणी बारमाही मिळू लागताच शेतकऱ्याने ज्वारीऐवजी ऊस धरला, आणि १९२८ साली भाटघरचे मोठे लॉइड धरण पुरे झाल्यावर तर ऊस या पट्ट्यात कायमचा ठाण मांडून बसला. इंदापूर तालुक्यात शेठ वालचंद हिराचंद यांनी माळरानावर वालचंदनगर वसविले. तेथे आधी साखर झाली, आणि पुढे साखर कारखान्यांची यंत्रे, बॉयलर, इतकेच काय, अणुभट्ट्यांचे अवजड भागही घडू लागले. स्वातंत्र्यानंतर सहकाराचे युग आले. बारामतीत माळेगाव व सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा असे कारखाने उभे राहिले. १९८० साली उजनीचे धरण झाले. इंदापूरची कित्येक गावे त्याच्या पोटात गेली, आणि काठावर राहिलेल्यांनी त्याच पाण्यात पंप सोडून पुन्हा ऊसच लावला.

पवार १९६७ साली बारामतीतून विधानसभेवर गेले आणि १९७८ साली मुख्यमंत्री झाले. परंतु ऊर्जेच्या प्रश्नावर त्यांचे नाव सर्वांत अधिक गाजले ते उसावरून नव्हे. ते गाजले दाभोळवरून.

रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळच्या खाडीजवळ अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीने प्रचंड वीजकेंद्र उभारावे, असा प्राथमिक करार जून १९९२ मध्ये सुधाकरराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात झाला. वीजखरेदीचा पक्का करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला, तेव्हा पवार पुन्हा मुख्यमंत्री होते. राज्याला वीज हवी, कारखानदारी वाढावयाची तर ती पुरेशी हवी, आणि मंडळाजवळ भांडवल नाही, तेव्हा परकी भांडवल आणावे, ही त्यांची बाजू होती. १९९१ नंतर सारा देशच त्या दिशेला निघाला होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि या केंद्राचे इंधन परदेशी होते. आधी नाफ्था आणि पुढे जहाजातून येणारा द्रवरूप वायू. विजेचा दर तेलाच्या भावाशी आणि डॉलरशी जखडलेला होता. १९९५ साली मनोहर जोशी यांच्या सरकारने करार मोडला, आणि १९९६ साली त्याच सरकारने तो सुधारून पुन्हा केला. १९९९ साली वीज सुरू झाली. पुढच्याच वर्षी तेल महागले, रुपया उतरला, आणि काही महिन्यांत तिचा दर युनिटमागे सात रुपयांच्या घरात गेला. वीज मंडळाला तो पेलवेना. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले. पुढे २००५ साली सरकारी कंपन्यांनी ते नव्या नावाने हाती घेतले.

परक्या इंधनावरचा दिवा किती महाग पडू शकतो, हे महाराष्ट्राला दाभोळने शिकविले. पवारांच्या पुढील भूमिकेवर या धड्याचा किती परिणाम झाला, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. दिसते ते एवढेच, की २००४ ते २०१४ या दहा वर्षांत केंद्रात कृषिमंत्री असताना त्यांनी ज्या इंधनाची बाजू लावून धरली, ते शेतात उगवणारे होते.

ही कल्पना नवी मात्र नव्हती. १९४८ सालीच भारत सरकारने मोटारींच्या इंधनात मद्यार्क मिसळण्याविषयी कायदा केला होता. तो अर्धे शतक पुस्तकात पडून राहिला आणि २००० साली रद्द झाला. ब्राझीलने १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ साली हाच मार्ग धरला आणि तो निष्ठेने चालविला. भारतात २००३ साली नऊ राज्यांत शेकडा पाच मिश्रणाचा आरंभ झाला; तेव्हा दिल्लीत वाजपेयींचे सरकार होते. पवार मंत्री झाले तेव्हा योजना कागदावर होती, पण टाकीत मद्यार्क फारसा नव्हता. तेल कंपन्या देऊ करीत तो भाव कारखान्यांना पुरत नसे, आणि मळीच्या मद्यार्कावर चालणारे रसायनांचे कारखाने ‘आमचा कच्चा माल मोटारीत जाळू नका’ म्हणून तक्रार करीत. पवारांनी साखर कारखान्यांची बाजू घेतली. २०१० साली लिटरला २७ रुपये हा अंतरिम भाव ठरला, आणि २०१२ च्या अखेरीस शेकडा पाच मिश्रण सक्तीचे करण्याचा निर्णय झाला.

त्यांच्या म्हणण्याचे सार असे. कारखाना नुसत्या साखरेवर जगू शकत नाही. साखर उदंड झाली की भाव पडतो, आणि भाव पडला की शेतकऱ्याचे उसाचे पैसे थकतात. मळीपासून मद्यार्क केला, चिपाडापासून वीज केली, तर कारखान्याला दोन हात अधिक मिळतात आणि देशाचे तेलावरचे परकीय चलन वाचते. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या व्यासपीठावरून हे त्यांनी वर्षानुवर्षे सांगितले आहे. २०१४ नंतर ते विरोधी बाकांवर गेले, पण धोरण त्याच वाटेने आणि अधिक वेगाने चालले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाचा रस व घट्ट मळी यांपासूनही मद्यार्क काढण्यास वाव दिला, २०२२ साली मिश्रण शेकडा दहावर आणि २०२५ साली शेकडा वीसवर गेले. राजकारणात जे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, त्यांचे उसाच्या बाबतीत सहसा एकमत होते, हा महाराष्ट्राचा जुना अनुभव आहे.

आता कारखान्याच्या आत जावे, कारण खरा हिशेब तेथे आहे. शंभर टन ऊस गाळपाला आला असे धरू. त्यातून साधारणपणे दहा-अकरा टन साखर निघते. साखर काढून उरलेली मळी चार-साडेचार टन. तिच्यापासून हजार लिटरच्या आसपास मद्यार्क होतो. त्याची उष्णता पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणजे हे हजार लिटर साडेसहाशे-सातशे लिटर पेट्रोलच्या बरोबरीचे. याखेरीज पिळून निघालेले चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, ते असते २८ ते ३० टन. त्यात निम्मे पाणी असते, तरीही त्याची उष्णता पंधरा टनांच्या आसपास देशी दगडी कोळशाइतकी भरते. दोन्हींची तुलना केली तर मळीच्या मद्यार्कात जितकी उष्णता आहे, तिच्या सुमारे दहापट बगॅसमध्ये आहे.

म्हणजे ज्या मद्यार्काची सभांतून कीर्ती गाइली जाते, तो या घरातला धाकटा भाऊ. थोरला भाऊ बॉयलरपाशी, कोळशाने माखलेल्या कामगारांच्या शेजारी, मुकाट्याने जळत असतो.

आणि तो कित्येक वर्षे अक्षरशः वाया जळत होता. जुन्या कारखान्यांत बॉयलरचा दाब कमी असे, आणि शंभर टन उसामागे पन्नास टन किंवा त्याहूनही अधिक वाफ खर्च होई. कोणी त्याची खंत करीत नसे. उलट बगॅस उरले तर ठेवावयाचे कोठे, त्याला आग लागली तर काय, ही चिंता! म्हणून बॉयलर असा चालवावा की हंगामाच्या अखेरीस बगॅस संपून जावे. उधळपट्टी हीच तेथे व्यवस्था होती.

वाफ लागते कशाला? उसाच्या रसात बहुतेक पाणीच असते. ते आटविल्याशिवाय साखरेचा दाणा पडत नाही. गुऱ्हाळाच्या कढईत सारे पाणी एकाच आचेवर उडविले जाते आणि ती वाफ आभाळात जाते. कारखान्यात तसे करीत नाहीत. एका भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापविते, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि पुढच्या भांड्यांत हवेचा दाब कमी ठेवल्यामुळे तेथील रस कमी उष्णतेतही उकळतो. मराठी घरांत भाजीच्या पातेल्यावर ताटलीत पाणी ठेवण्याची रीत आहे. भाजीची वाफ त्या पाण्याला ऊन करते आणि तेच पाणी पुढे भाजीत ओततात. तत्त्व तेच. त्याचे यंत्र १८४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे नॉर्बर्ट रिलिए यांनी सिद्ध केले. गुलामगिरीच्या त्या काळात ते कृष्णवर्णीय मातेचे पुत्र होते, आणि साखरेच्या ज्या मळेवाल्यांनी त्यांच्या यंत्रावर पैसा केला, त्यांच्या पंगतीला बसण्याचा मान त्यांना नव्हता. चार भांड्यांच्या मालिकेत एक किलो वाफ जवळजवळ चार किलो पाणी उडवू शकते.

दुसरी युक्ती बॉयलरची. वाफ अतिशय उंच दाबाची केली तर ती आधी टर्बाइन फिरवून वीज देते आणि त्यातून बाहेर पडलेली मंद वाफ रस आटवावयास पुरते. एकच वाफ दोनदा राबते. नव्या कारखान्यांत शंभर टन उसामागे पस्तीस-चाळीस टन वाफेत काम भागते; वाचलेल्या बगॅसची वीज तारांवरून बाहेर विकता येते. उत्तम यंत्रणेत टनभर उसामागे शंभरच्या आसपास युनिटे विकण्यास उरतात. याला सहवीजनिर्मिती म्हणतात, आणि बारामती-इंदापूरच्या कारखान्यांनीही हा मार्ग धरला आहे.

हे केव्हा घडले, ते लक्षात घेण्यासारखे आहे. वाफ वाचवा असा उपदेश अभियंते फार पूर्वीपासून करीत होते. परंतु २००२ साली राज्याच्या वीज नियामक आयोगाने बगॅसच्या विजेला भाव ठरवून दिला, आणि मगच कारखान्यांच्या संचालकांना वाफेची किंमत कळली. पुढे २००५ पासून भारनियमनाचे काळे दिवस आले, तेव्हा हिवाळ्यात साखर कारखान्यांतून येणारी वीज राज्याला उपयोगी पडली. अलीकडे सौर वीज स्वस्त झाली, बगॅसच्या विजेचा भाव उतरला, आणि कारखान्यांचा उत्साहही त्याबरोबर उतरला. पवार यांच्या अध्यक्षतेखालील शुगर इन्स्टिट्यूट दरवर्षी तांत्रिक कार्यक्षमतेबद्दल कारखान्यांना पारितोषिके देते, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नमूद केली पाहिजे. पण पारितोषिकाने जे होत नाही ते भावाने होते. मद्यार्काच्या भावासाठी पवार आणि त्यांचे सहकारी दिल्लीत जसे भांडले, तसे वाफेच्या काटकसरीसाठी भांडलेले फारसे दिसत नाहीत. त्याचे कारणही उघड आहे. मद्यार्काचा भाव शेतकऱ्याच्या उसाच्या दरात दिसतो, वाफेचे टक्के दिसत नाहीत.

मद्यार्क करण्यासही ऊर्जा लागते. मळी आंबविल्यावर जो द्रव मिळतो त्यात मद्यार्क शेकडा आठ-दहाच असतो, बाकी पाणी. ते ऊर्ध्वपातनाने वेगळे करावे लागते, आणि पेट्रोलमध्ये पाण्याचा अंश चालत नसल्यामुळे शेवटचा थेंबही काढावा लागतो. लिटरभर मद्यार्कामागे आठ ते बारा लिटर काळे सांडपाणी उरते. ते नदीत गेले तर नदी मरते. आटवून जाळले तर त्यातूनही वाफ मिळते, पण आटविण्यास पुन्हा वाफ.

याहून अवघड हिशेब पाण्याचा आहे. निती आयोगाने २०२१ साली मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यातच म्हटले आहे की उसापासूनच्या एका लिटर मद्यार्कामागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. पवारांचे समर्थक यावर सांगतात की ऊस तर लावलेलाच आहे. साखर अतिरिक्त होते, तिचे इंधन केले तर पाणी वेगळे खर्च होत नाही. मळीच्या मद्यार्कापुरते हे म्हणणे खरे आहे, कारण मळी साखरेबरोबर येतेच. रसापासूनच्या मद्यार्काला मात्र ते लागू पडत नाही. तेथे ऊस इंधनासाठीच गाळला जातो, आणि भाव बरा मिळाला की पुढच्या वर्षी लागवड वाढते. बारामतीच्याच तालुक्यात सुपे, मोरगाव या जिराईत बाजूला उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढ असते आणि कालव्याखाली आडसाली उसाला पाणी वाहत असते. हे दृश्य तेथील माणसाला सांगावे लागत नाही.

पाण्याबरोबर वीजही जाते. इंदापुरात उजनीच्या काठापासून लांबलांब नळ टाकून पाणी उपसले जाते, विहिरीही विजेवरच उपसतात. शेतीपंपाच्या विजेचे दर निवडणुकीच्या हवामानाप्रमाणे बदलत आले आहेत. २००४ साली काँग्रेस व पवारांचा राष्ट्रवादी पक्ष यांच्या आघाडी सरकारने ती मोफत केली आणि वर्षभरात मागे घेतली. २०२४ साली दुसऱ्या आघाडीच्या सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंत ती पुन्हा मोफत केली. शेतकऱ्याची ओढाताण पाहता त्याला सवलत देऊ नये असे कोण म्हणेल? पण जी वीज फुकट येते, तिच्यावरचा पंप जुना आहे की नवा, हे कोणी पाहत नाही. देशी इंधनाच्या लिटरमागे किती देशी, आणि किती कोळशाची, वीज गेली हा आकडा कोणत्याही सभेत निघत नाही. ठिबकाने उसाचे तृतीयांश ते निम्मे पाणी वाचते, आणि पाण्याबरोबर पंपाचे तासही वाचतात. २०१७ साली राज्य सरकारने उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचे ठरविले होते. पाटाचे पाणी मात्र बहुतेक ठिकाणी अजून सरीतूनच धावते.

स्वावलंबनालाही मर्यादा आहे, आणि ती पवारांनी मंत्रिपदावर असतानाच अनुभवली. २००८-०९ साली देशात साखरेचे उत्पादन घसरून सुमारे १४५ लाख टनांवर आले. बाजारात साखर कडाडली, बाहेरून कच्ची साखर आणावी लागली, आणि गृहिणींचा रोष कृषिमंत्र्यांवर आला. अशा वर्षी मळीही कमी आणि मद्यार्कही कमी. डिसेंबर २०२३ मध्ये तोच प्रसंग दुसऱ्या सरकारवर आला. पाऊस हुकला म्हणून रसापासून मद्यार्क काढण्यास मनाई झाली, मग आठवड्याभरात थोडी सवलत मिळाली, आणि पुढल्या हंगामासाठी बंदी उठली. ज्यांनी कर्ज काढून आसवन्या उभारल्या होत्या, त्या कारखान्यांची मधल्या काळात कोंडी झाली. आणि याच सुमारास मक्याने उसाला मागे टाकले. देशातील मद्यार्कात आता धान्याचा वाटा मोठा आहे. पावसावर उगवणारे इंधन पावसाइतकेच भरवशाचे असते, हे अरबी तेलापेक्षा बरे की वाईट, याचा निकाल प्रत्येक वर्षी निराळा लागतो.

मोटार चालविणाऱ्यालाही याचा थोडा अनुभव येतोच. मद्यार्काची उष्णता कमी असल्यामुळे, जुन्या धाटणीच्या मोटारी शेकडा वीस मिश्रणावर लिटरमागे शेकडा सहा-सात कमी धावतील, असा अंदाज त्याच आराखड्यात दिलेला आहे.

हंगाम संपला म्हणजे सहकारी कारखान्यांची वार्षिक सभा भरते. मंडपात सारी चर्चा टनाला किती भाव दिला आणि शेजारच्या कारखान्याने किती दिला, यावर चालते. आवाज चढतात, कधी सभा गुंडाळावी लागते. सभासदाच्या हाती जो छापील अहवाल असतो, त्याच्या मागच्या पानांवर बारीक टायपात तांत्रिक आकडे असतात: साखर उतारा, गाळपाचे तास, बगॅसची बचत, उसावर वाफेचा खर्च शेकडा किती. हा शेवटचा आकडा एका टक्क्याने उतरला, तर दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात दहा हजार टन वाफ वाचते. म्हणजे साडेचार हजार टनांच्या आसपास बगॅस.